भातगिरणीच्या अंगणातल्या बायका

८ जानेवारी. गावच्या स्मरणिकेसाठी जुन्या भातगिरणीवर लिहिलेला लेख मी नंदाखाल गावच्या बसथांब्यावर तपासत होते. शेजारी केळी विकणारी म्हातारी चप्पल काढून तळवे चोळत बसली होती.

"वाच ना बाय मोठ्यानं."

मी वाचलं, "उकडलेलं भात अंगणात पसरून बायका त्यावर नाचत."

"नाचत?" ती उसळली. "वाफाळतं भात पायानं परतायचो आमी! पाय भाजायचे म्हनून उचलायचो. तू नाचून बघ!"

आम्ही मुलं तेव्हा कुंपणावरून टाळ्या वाजवायचो. पन्नाशीतही मी तेच लिहिलं, याचा मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाक्य खोडून तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं.

स्मरणिका समितीच्या अध्यक्षांनी लेख वाचून परत केला. म्हणाले, "ताई, स्मरणिकेत कडवट कशाला?"

"छापायचं तर असंच," म्हणत मी कागद त्यांच्या टेबलावर आपटले.