आधी आवाज

रेवतीचा मेसेज सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. ‘आजी गेली. काचीगुड्याला या.’ मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. तिची आजी म्हणजे सुमती, माझी जुनी मैत्रीण... मी चपला घालते तोच मंडळाच्या सेक्रेटरींनी त्याखाली लिहिलं, ‘निदान अशी बातमी तरी मराठी अक्षरांत कळवावी.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुलतान बाजारच्या शाळेत सुमती इंग्रजी शिकवायची आणि मी शेजारच्या वर्गात गणित. उच्चाराबरहुकूम लिहिण्याला इंग्रजीत ‘फोनेटिक’ म्हणतात. तो शब्द आला की ती त्याचं कूळच सांगत बसायची. ग्रीकमधून आलेला, मूळ अर्थ आवाज, आणि टेलिफोनमधला फोन त्याचा सख्खा भाऊ. “बघा पोरींनो, मुळात कुठं कागद आहे का, शाई आहे का? नुसता आवाज!” म्हणून तिच्या वर्गात शब्द खणखणीत म्हटल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. भिंतीपलीकडच्या त्या गलक्यात माझी गणितं चुकायची आणि मी तिच्याशी भांडायचे.

निवृत्तीनंतर दर रविवारी ती घरी मुलं जमवायची. पार लांब दिलसुखनगरहूनही यायची. मराठी बोलणारी, पण वाचताना अडणारी. येतात त्या अक्षरांत लिहा, म्हणायची. सेक्रेटरी एकदा घरी येऊन म्हणाले, “ताई, तुम्ही लिपी बुडवायलात.”

“पोरं बोलायलीत ना? ते थांबलं तर लिपीचं काय लोणचं घालायचंय? अक्षरं येतील मागून.” वर चहाही पाजला त्यांना.

आता मंडळ तिच्यावर स्मरणिका काढतंय. रेवतीने इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं पान त्यांनी परत पाठवलं आणि मला फोन केला, “तुमच्या लेखाबरोबर तेही जरा शुद्ध मराठीत उतरवून द्या.”

“नक्को,” मी म्हणाले. “तिचं पान नाही, तर माझंही नाही.” उद्धट वाटलं असेल तर वाटो. सुमतीच्या माघारी तिच्याच नातीला गप्प करायचं आणि वर सुमतीचा फोटो छापायचा, हे मला जमणार नाही. म्हणून हे इथे लिहिते आहे.

परवा रेवतीने ते पान मला मोबाईलवरून वाचून दाखवलं. “आजी स्वयंपाकघरातून हाक मारायलीय असं अजून वाटतंय... मी हौ म्हणते, अन् मग आठवतंय.”

मी डोळे मिटून ऐकलं. एकही चूक नव्हती.