काटा अर्ध्यावर होता

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी विसरलो आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. हे एक मात्र विसरता आलेलं नाही. यात दरोडा नव्हता, टोळी नव्हती, वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो छापून यावा असं काहीच नव्हतं. एक पोरगा पाण्यात मेला होता आणि आमच्या कागदावर त्याच्याबद्दल एक शब्द चुकीचा लिहिला गेला होता.

तेव्हा मी रायपूरच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत गिट्टीच्या बंद पडलेल्या खदानी होत्या. खोदकाम थांबलं की त्यांत पाणी साचतं. वरून हिरवं, शांत. खाली किती खोल ते कोणी पाहिलेलं नसतं. दरवर्षी कोणी ना कोणी त्यात जायचं. मी रजेवरून परतलो तेव्हा टेबलावर तशीच एक फाईल होती. अकस्मात मृत्यूच्या चौकशीला तिकडे मर्ग म्हणतात. मृत तरुण रायपूरच्याच गुढियारी वस्तीतला. समता कॉलनीतल्या एका संस्थेत तो स्कुबा गाइड होण्याचं प्रशिक्षण घेत होता, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायचं काम शिकत होता. रायपूरहून जवळात जवळचा समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. त्यामुळे सराव तरणतलावात आणि परीक्षा खदानीत, अशी सोय होती. पुढे अंदमानात नोकरी, हा संस्थेचा वायदा.

माझ्या सहायक उपनिरीक्षकाने चौकशी जवळपास आटोपली होती. निष्कर्ष असा, की प्रशिक्षणार्थी पाण्याखाली घाबरला, त्याने तोंडातली श्वासाची नळी काढली आणि तो बुडाला. वर काढला तेव्हा नळी तोंडाबाहेर होती. सिलिंडरमध्ये किती हवा उरली हे दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा मात्र अर्ध्यावर होता. हवा शिल्लक असताना गुदमरतो तो घाबरूनच, असं संस्थाचालकाने जबाबात सांगितलं होतं. ऐकायला ते बरोबर वाटत होतं.

ते पटलं नव्हतं एकाच माणसाला. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झालेला, उंच, रुंद खांद्यांचा माणूस. मृताचा बाप.

"जय भीम, साहेब. माह्या पोट्ट्याले तुमी भित्रा लिवलं."

"भित्रा नाही लिहिलं, भाऊ. घाबरला असं लिहिलंय."

"मंग काय फरक हाय त्याच्यात? लहानपणी तलावात मीच उतरवलं त्याले. नाकातोंडात पाणी गेलं तरी रडत नव्हता. मीच शिकवलं का पाण्याले भ्यायचं नाही. मले नुकसानभरपाई नको, काही नको. तो शब्द काढा."

"शब्द काढायला पुरावा लागतो."

"हव," तो म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. जणू पुरावा आतून येणार होता. पुढे तो वरचेवर यायचा. शिपाई चहा द्यायचे, तो घ्यायचा. कधी आवाज चढवला नाही. ओरडणाऱ्याला ठाण्यातून काढून देता येतं. बसून राहणाऱ्याचं काय करायचं, ते कोणत्याही नियमावलीत नाही.

मग एका दुपारी ठाण्याचा फोन वाजला. बाईचा आवाज, दबलेला. "सर, वो खदान वाला लड़का... उसने जो सेट पहना था, वो उसका नहीं था." एवढं बोलून फोन ठेवला गेला.

मी मुन्शीला, म्हणजे ठाण्याच्या कारकून हवालदाराला, मालखाना उघडायला लावला. जप्त केलेलं सामान गोणीत होतं. सिलिंडर, नळ्या, कमरेचा शिशाचा पट्टा आणि हवा भरायचं जॅकेट. जॅकेट अंगात घालून पाहिलं तर माझ्या छातीवर त्याचं बकल लागेना, आणि मी काही पैलवान नव्हे. पोरगा बापासारखाच उंच आणि रुंद होता. घड्याळाच्या नळीला केसांना लावतात तसा जांभळा रबर गुंडाळलेला होता. पंचनाम्यात त्याचा उल्लेख 'एक रबर' असा होता.

काटा अजून अर्ध्यावरच होता. मी मुन्शीला म्हटलं, "झडप खोल."

"साहब, फटेगा तो नहीं?"

"अर्धं भरलंय. फुसफुसेल फक्त."

त्याने लांबूनच हात पुढे करून झडप फिरवली. काहीच झालं नाही. पूर्ण उघडली, नळीचं बटण दाबलं, तरी हूं नाही की चूं नाही. सिलिंडर रिकामं होतं आणि काटा अर्ध्यावर. मुन्शीने घड्याळावर टिचकी मारली. काटा ढिम्म.

दुसऱ्या दिवशी संस्थाचालकाला बोलावलं. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कशाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पांढरा गणवेश, खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या. माझ्या खांद्यावर तीन तारे यायला अर्धं आयुष्य गेलं; त्याचं काम शिंप्याने भागवलं होतं. येताना तो मानपत्रांची पिशवी घेऊन आला. ती टेबलावर मांडू लागला तेव्हा मी म्हटलं, "ही जप्त करून घ्यायची आहेत का?" त्याने ती परत भरली.

"त्या दिवशी सेटची अदलाबदल झाली होती?"

"नाही सर."

"मग या जॅकेटमध्ये तो मावला कसा?"

तो जॅकेटकडे बघत राहिला. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याची तयारी माणसांच्या प्रश्नांसाठी असते. वस्तू समोर ठेवली की त्याची पंचाईत होते. हळूहळू निघालं ते असं. गाइडच्या परीक्षेत एक कसरत असते. दोघांनी पाण्याखाली एकाच नळीतून आळीपाळीने श्वास घेत आपापलं सगळं सामान एकमेकांशी बदलायचं. डोकं शांत राहतं का, ते त्यात दिसतं. त्या दिवशी पोरगा आणि एक मुलगी, दोघांनी ती उत्तम केली आणि वर आले. परीक्षा तिथेच संपायला हवी होती.

पण काठावर एक बॅनर तयार होता. एका नेत्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली संस्थेचं नाव. तो खदानीच्या तळाशी धरून उभं राहायचं, वरून दोरीने कॅमेरा सोडायचा, असा बेत. सामान परत बदलण्यात वेळ जाईल म्हणून पोरगा तसाच खाली गेला, मुलीच्या सेटवर, छातीचं बकल उघडंच ठेवून, एकटा. जोडीदाराशिवाय उतरायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम, पण चित्रात दोन माणसं आली तर मजकूर झाकला जात होता. त्या कॅमेऱ्यात हिरव्या अंधाराशिवाय काहीच आलं नाही.

मुलगी रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातली, मराठी घरची. तिचा जबाब मी तिच्या घरीच घेतला. आई आणि आमची महिला शिपाई शेजारी बसल्या होत्या. मी मराठीत विचारत होतो, ती हिंदीत उत्तर देत होती.

"फोन तूच केला होतास ना, बेटा?"

तिने मान हलवली.

"काटा बिघडलाय हे तुला माहीत होतं?"

"शुरू से, सर. कैप्टन सर को दो बार बोला था. बोले, अंदाज़ से चलो, इतना नखरा नहीं करते."

"मग तू कशी उतरायचीस?"

"आदत हो गई थी. साँस खींचने में थोड़ा भारी लगे तो ऊपर आ जाती थी. काँटा तो मैं देखती ही नहीं थी."

"आणि त्याला सांगितलंस?"

आई म्हणाली, "बोल नं पोरी, साहेब विचारून राहिले."

"भूल गई," ती म्हणाली. "सर, उसके नीचे जाने से पहले मैं पानी में उसके बाजू में ही थी. वो बैनर पकड़ रहा था, हँस रहा था. मुझे याद ही नहीं आया. मेरे लिए तो वो काँटा खराब था ही नहीं अब."

आपल्याकडे निम्म्या स्कूटरींचे पेट्रोलचे काटे बंद असतात. मालक सवयीने चालवतो, आणि शेजाऱ्याला किल्ली देताना नेमकं तेवढंच सांगायचं राहतं. शेजारी रस्त्यात ढकलत घरी येतो, एवढंच.

निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा दाखल झाला, आरोपी संस्थाचालक. तज्ज्ञाने घड्याळ तपासून जाम असल्याचं लिहून दिलं. नळी तोंडाबाहेर का होती, याचंही उत्तर मिळालं: हवा न देणारी नळी कोण तोंडात धरून ठेवेल? 'घाबरून' हा शब्द अंतिम अहवालातून गेला. खटला अजून चालू आहे. कॅप्टन जामिनावर सुटला आणि सध्या ड्रोन उडवायला शिकवतो, असं ऐकतो. पट्ट्या कायम आहेत.

बापाला हे सांगायला मी स्वतः गुढियारीत गेलो. ठाण्यात बोलावून सांगता आलं असतं, पण एवढ्या दिवसांत एखाद्याला चांगली बातमी द्यायची संधी आली होती. घरात तो एकटाच होता. मी सगळं क्रमाने सांगितलं. अदलाबदल, बॅनर, काटा. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे तो भ्यायला नाही," शेवटी तो म्हणाला.

"अजिबात नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहिलंय."

"काटा पाहून थांबून राहिला खाली."

"हो. हवा आहे असंच त्याला वाटत होतं. श्वास जड झाला असेल, तरी काटा अर्ध्यावर दिसत होता. निघाला असेल तेव्हा उशीर झाला होता."

त्याने मान डोलावली. समाधानाने डोलावली असं मला वाटलं. मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, भ्यायला असता तं वर आला असता."

तोच आधी उठला, मला दारापर्यंत सोडायला आला, हात जोडले. त्यानंतर तो ठाण्याच्या बाकावर कधीच दिसला नाही.

नोकरीची जी वर्षं उरली होती, त्यांत नवीन शिपाई हजर झाला की मी त्याला एक प्रश्न विचारायचो: ड्यूटीवर भीती वाटली तर कोणाला सांगशील? बहुतेक जण छाती पुढे काढून म्हणत, भीती वाटतच नाही सर. एखाद-दुसरा खाली बघून म्हणे, सोबत जो असेल त्याला सांगेन. पहिल्या प्रकारच्यांना मी बरेच दिवस एकट्याने कुठे पाठवत नसे.