शेवटच्या डब्यातले पार्सलमामा

नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी पुणे स्टेशनवर एक अख्खी पॅसेंजर गाडी अडकवून ठेवली. तीसुद्धा साखळी न ओढता. मी पार्सल ऑफिसातली नवी कारकून, अंगात उत्साह खळ घातलेल्या साडीसारखा कडक. फलाटावर एक काळी लोखंडी पेटी दिसली. तिच्यावर पांढऱ्या रंगात कुणाचं तरी नाव होतं, पण लेबल नव्हतं. लेबल नाही म्हणजे मालक नाही, एवढं माझं ज्ञान. हमाल म्हणाला, "बाई, ही राहू द्या." मी म्हणाले, "नियम मला शिकवू नका." पेटी बेवारस मालाच्या खोलीत टाकून घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून जेवायला गेले.

ती गार्डाची पेटी होती. लाल-हिरवे झेंडे, शेवटच्या डब्याला लावायचा दिवा, अडीनडीला मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला रुळांवर लावायचे फटाके, सगळं तिच्यात. ती डब्यात चढल्याशिवाय गार्ड गाडी सोडूच शकत नाही. मी हात पुसत परत आले तर मिरजेची पॅसेंजर जागच्या जागी उभी, आणि आमच्या दाराशी पांढऱ्या गणवेशातला एक काटकुळा माणूस पायरीवर शांत बसलेला.

"आपण पार्सल फार मनापासून करता, बाई," तो म्हणाला. "आता तेवढं सोडवून द्या. गाडीभर माणसं माझ्या नावाने बोटं मोडतायत."

आवाज काही चढवला नाही. त्याने चढवण्याची मी वाट बघत होते, म्हणजे मला रडता आलं असतं. त्या दिवसापासून सगळं स्टेशन त्यांना पार्सलमामा म्हणायला लागलं. बारसं माझ्याच हातून झालं म्हणायचं.

मामा कायम शेवटी. लग्नात शेवटच्या पंगतीला, देवळात शेवटच्या रांगेत. रस्त्यानेही मामी पुढे आणि हे चार पावलं मागे. मामी म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून ह्यांचं तोंड मला मान वळवूनच बघावं लागतंय." मामांचं उत्तर ठरलेलं असे, "सगळी चढली का बघितल्याशिवाय पाय निघत नाही गं." मामीखेरीज चढायला कुणी नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि तो विषय दोघांनी कधी काढला नाही.

मिरजेहून आले की घोरपडीच्या क्वार्टरवर जाण्याआधी मामा आमच्या ऑफिसात टेकत. नीरा, जेजुरी, राजेवाडी, सासवड रोड, असं प्रत्येक फाट्यावर थांबत आलेला माणूस. त्यातून पॅसेंजर म्हणजे कुठलीही एक्स्प्रेस आली की हिला बाजूच्या रुळावर उभं करायचं. गार्डाच्या डब्यात पंखा नाही, धूळ मात्र सगळ्या गाडीची. "दमलो" असं ते कधी म्हणत नसत. बूट सोडत आणि नुसतं "आलो" म्हणत. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस बसून बसून येतो, ह्याला शीण कसला? आता नारायण पेठेतले तीन जिने चढून मी पिशवी खाली ठेवते आणि नुसतंच "आले" म्हणते, तेव्हा नात विचारते, "आजी, एवढं काय केलंस गं?" मी तिला काही सांगत नाही. तिचीही वेळ येईल.

"पुढचं सगळं ड्रायव्हरला दिसतं," मामा सांगत. "मला गाव दिसतं ते मागे पडताना. पण बाई, माणूस हात हलवतो तो शेवटच्या डब्याकडेच बघून. इंजिनाला कोण हात करतं?"

मग एका उन्हाळ्यात मामांनी गुडघ्याचं कारण देऊन रजा टाकली. रजा टाकून रोज पार्सल ऑफिसात येऊन बसायला लागले. गुडघा तर चांगला दिसत होता. मी खनपटीला बसले तेव्हा अंजिरांच्या पाट्यांकडे बघत म्हणाले, "झेंडा हललेला दिसतो. लाल का हिरवा, ते हल्ली अंदाजाने कळतं." महिन्याभरात त्यांची डोळ्यांची तपासणी होती. नापास झाले तर डबा सुटणार, उरलेली नोकरी टेबलावर.

इथे माझी अक्कल पुन्हा पाजळली. ह्या तपासणीत रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे असतात. माझ्या माहेराशेजारी चष्म्याचं दुकान होतं, त्यांच्याकडे तसलंच पुस्तक होतं. ते मी चार दिवसांच्या बोलीवर आणलं आणि महिनाभर दिलं नाही. रोज दुपारी डबा खाऊन झाला की मी पान उघडायची आणि मामा आकडा सांगायचे. चुकले की मी टेबलावर पट्टी आपटायची. बापाच्या वयाच्या माणसाला मी शाळामास्तरणीसारखी दटावत होते, "मामा, लक्ष कुठंय? हा चौऱ्याहत्तर!" शेवटी शेवटी मी पान पुरतं उलटायच्या आत उत्तर यायला लागलं. मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका. त्या गाडीत रोज शेकडो माणसं बसतात, हे माझ्या सुपीक डोक्यात एकदाही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी पेढे आणून ठेवले. मामा दुपारी आले, बूट सोडले, "आलो" म्हणाले.

"काय झालं?"

"पहिलं पान उघडलं. तेच पुस्तक होतं, तू म्हणालीस तसं. डॉक्टर म्हणाले, वाचा. मी म्हटलं, साहेब, वाचता येत नाही, पाठ आहे."

मामांनी खोक्यातला एक पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवला.

पुढची नोकरी त्यांनी माझ्यासमोरच्या टेबलावर काढली. पावत्यांवर शिक्के मारायचे, मिरज पॅसेंजरची शिट्टी झाली की हात थांबायचा, मग पुन्हा शिक्का. निवृत्त झाल्यावर फार वर्षं राहिले नाहीत. मामी त्यांच्याही नंतर बरीच जगल्या.

पण त्या दुपारी मला ह्यातलं काहीच कळत नव्हतं. मला फक्त माझा महिना वाया गेल्याचा राग आला होता. मी पेढ्याला हातही न लावता म्हणाले, "सांगूनच टाकायचं होतं, तर महिनाभर माझा घसा कशाला बसवलात?"

मामांनी आपला अर्धा पेढा तोंडात टाकला. मग म्हणाले, "अगं, तू विचारायचीस आणि माझं उत्तर बरोबर यायचं. तेवढ्यापुरतं मलाही दिसतंय असंच वाटायचं."