पऱ्हाटीत हरवलेला पायलट

बेला गावाजवळच्या आमच्या कापसाच्या शेतात छोटं विमान कोसळलं, तेव्हा पायलट समोर उभा असताना मी पायलटलाच शोधत फिरलो.

परवा ड्रोनने फवारायला एक मुलगी आली. ओल्या पऱ्हाटीवर औषधाचा उग्र वास पसरला आणि कितीतरी वर्षांपूर्वीची ती दुपार नाकात शिरली. तेव्हा वास होता पेट्रोलचा आणि चिरडलेल्या हिरव्या बोंडांचा. वादळात भरकटलेलं विमान सडकेवर उतरायला गेलं आणि आमच्या पऱ्हाटीत नाक खुपसून थांबलं. आतून विशीतली एक पोरगी उतरली. मनगट सुजलेलं, ओठ पांढरेफटक.

“पायलट कहाँ है?” मी दरडावलं.

“मैं ही हूँ.”

मला हसू आलं. काहीतरी चोरटा माल आणणारा बाप्या हिला पुढे करून पळाला, हे मी तिथंच ठरवलं. काठी घेऊन पऱ्हाटीत घुसलो. हलणाऱ्या प्रत्येक झाडामागे तो मला दबा धरून बसलेला दिसे. बायको शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून हाका मारत होती. पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि मोटारसायकलची किल्ली माझ्या खिशात. मला वाटलं, बायकोपण फितूर झाली.

आता वाटतं, त्या शेतात संशय घ्यावा असा माणूस एकच होता, आणि काठी त्याच्याच हातात होती.

चिखलाने माखून परतलो तेव्हा पोरीचा हात बायकोच्या ओढणीत बांधलेला होता. बायकोनं किल्ली हिसकली.

“काऊन धुंडून राह्यले बाप्याले? एवढ्या वादळात तिनं इमान उतरवलं. तुमी तं भर उनात गाडी नालीत घालता.”