बसकी मावशी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चाकूरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. पाळक आधी सांगायचे, "ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, त्यानं पुढे येऊ नये." आणि अख्खी मंडळी उठून पुढे जायची. बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे लोक शेजारी शेजारी गुडघे टेकून भाकर घ्यायचे. बाकावर बसून राहायची ती एकटी मावशी. लोकांनी तिचं नावच पाडलं होतं, बसकी मावशी. औताला जुंपल्यावर मध्येच बसणाऱ्या बैलाला म्हणतात ना, तसं. त्या नावाची मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

मावशी शिवणकाम करायची आणि रविवारी आम्हा लेकरांना शास्त्र शिकवायची. काज बिघडलं तर ते उसवायची, वरून टाके मारून झाकायची नाही. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी म्हणायची, "दमानं होईल, पन खरं होईल."

तिची अढी होती दिराशी. अंगणाच्या भांडणात त्यानं सामाईक दाराला कुलूप घातलं आणि तिच्या नवऱ्याची मयत मागच्या भिंतीवरून काढावी लागली. तोच दीर चर्चमध्ये पंच होता, पहिल्या रांगेत प्रभुभोजन घ्यायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. सगळे प्रश्न मावशीलाच.

मी एकदा म्हटलं, "मावशी, केलं माफ म्हणून टाक की."

"तोंडानं म्हनू अन् पोटात विस्तव ठिवू व्हय? पयल्या वर्षी प्रार्थनेत त्याचं नुसतं नाव घेतलं गं माय. पुढं काही आलंच न्हाई. आता नाव घेतलं की दात न्हाई आवळत मी. चाललंय की."

मग नवे पाळक आले. त्यांना सगळं एका दिवसात हवं असायचं. त्यांनी संजीवन सभा घेतली आणि माइकवरून म्हणाले, "ज्यांनी या क्षणी सर्वांना क्षमा केली, त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले, दिराचाही. मावशीचे हात मांडीवरच.

"मावशी, अजून किती वर्षं?" पाळकांनी माइकवरूनच विचारलं. लोक हसले.

"सात झाली, साहेब," ती म्हणाली. "माफ करतेच हाये अजून."

पुढच्याच रविवारी तिचा लेकरांचा वर्ग काढून घेतला. जिला स्वतःला क्षमा करता येत नाही ती काय शिकवणार, म्हणे. त्या चर्चमध्ये खोटं न बोलणारी एकच बाई होती आणि शिक्षा तिला.

दोन वर्षांनी दिराला लकवा मारला. उजवा हात गेला, शर्टाची बटणं लागेनात. मावशीनं त्याचे सगळे शर्ट मागवून घेतले, काजं उसवली आणि डाव्या हातानं लावता येतील अशी टिचबटणं लावून दिली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती उठली आणि पुढे जाऊन तिनं गुडघे टेकले. मी रडले. पाळकांनी भाकर तिच्या हातात दिली आणि मंडळीकडे वळून सांगितलं, "हे आपल्या संजीवन सभेचं फळ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं ती खपली आणि फळ यांच्या सभेचं? मावशी मात्र घरी जाताना एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. कवा झालं ते मलाबी कळलं न्हाई."

वर्ग तिला परत मिळालाच नाही. मागच्या वर्षी ती गेली, तेव्हा मातीच्या वेळीसुद्धा पाळकांनी त्या सभेचीच गोष्ट सांगितली.

तेव्हापासून पहिल्या रविवारी मी बसून राहते. परवा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हीबी बसकीच निघाली." त्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेत पहिल्यांदा पाळकांचं नाव घेतलं होतं. नुसतं नाव. पुढं काही आलं नाही.