जळो मेला तो आश्रम

मिल बंद झाली तेव्हा आमचे हे आणि माझे थोरले दीर एकाच दिवशी घरी बसले. आमचे बसूनच राहिले. दीर मात्र सहा महिन्यांत पोलोग्राउंडला कामाला लागले, आश्रमवाल्यांच्या अगरबत्तीच्या कारखान्यात. त्या आश्रमावर आमचा अख्खा जुनी इंदूर मोहल्ला खार खाऊन होता. ते लोक घरातले देव उचलायला लावतात, मंगळसूत्र काढायला लावतात, असं बोललं जायचं. जाऊबाईंनी दोन्ही केलं. मग त्यांच्याकडे गॅस आला, फ्रिज आला. मी आपली घासलेटच्या लाइनीत. खरं सांगते, पोटात दुखायचं माझ्या. त्यांनी देव उचलले म्हणून नाही, फ्रिज आला म्हणून.

एका दुपारी नळावर जाऊबाई सगळ्यांना बर्फ वाटत होत्या. मला म्हणाल्या, "तूही ये गं सत्संगाला, भाऊजींनाही काम लागेल." मी कळशी आपटली. "जळो मेला तो तुमचा आश्रम."

आपल्यात काय, दूध उतू गेलं तरी बायका जळो म्हणतात. पण तिसऱ्या दिवशी आश्रमाचा हॉल खरंच जळला. माणूस कोणी गेलं नाही, पण घासलेटचे रिकामे डबे सापडले आणि पोलीस मोहल्ल्यात विचारत फिरू लागले. शेजारच्या भाभीजींनी माझं बोलणं हिंदीत करून सांगितलं, "बोल रही थी, आश्रम जला देंगे." झालं. मिल सुटलेला रिकामा माणूस, घरात घासलेट. ह्यांना घेऊन गेले ते दोन दिवस सोडलं नाही.

मी डबा घेऊन ठाण्याबाहेर उभी होते. आश्रमवाले नको म्हणत असताना जाऊबाई आपण होऊन आल्या. आत जाऊन म्हणाल्या, "साहबजी, हमारे में औरतें चप्पल टूटे तो भी जळो बोलती हैं. आदत है. देवरानी है मेरी, मैं जानती हूँ." साहेब हसले.

बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "पण तू नुसती सवयीनं नव्हतीस म्हणाली."

"नव्हते," मी म्हणाले.

हे सुटून आले ते आधी जाऊबाईंच्याच पाया पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पण पड."

पडले. उठताना मनात आलं, ह्यांना अजून चार दिवस आत ठेवलं असतं तरी चाललं असतं.