माझ्या घरात शिरूरची खोली नको

अन्याय झाला तो कासुर्डीच्या एका पशुसखीवर. गेल्या वर्षी, भाद्रपदातला बैलपोळा झाल्यावर जो पहिला मंगळवार आला, त्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजता, दौंडमधल्या एका प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, बाकीच्या तेरा बायांसमोर. तिला सांगण्यात आलं, लॅपटॉपवरचं स्वतःचं नाव काढा आणि तिथं 'शिरूर' टाका, नाहीतर लॅपटॉप टेबलावर ठेवा. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. चार्जरची वायर नीट गुंडाळून त्याच्यावर ठेवली, चहा न घेता निघाली आणि एसटी धरून घरी गेली.

पत्रक लिहायला मी रांजणगावला शिकले. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांसाठी दोन वर्षं लिहिली. कंपनीच्या बसमधून उतरून गेटपर्यंत जाणाऱ्या माणसाला वाचायला चाळीस पावलं मिळतात, जास्त नाहीत. म्हणून अन्याय कोणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत. काय पाहिजे, हे शेवटच्या ओळीत. मधे रडगाणं नको. ती सवय अजून सुटलेली नाही. फक्त यावेळी एक भानगड आहे. पत्रक ज्याच्या विरोधात लिहायचं तो नेहमी गेटच्या आत बसलेला असायचा. इथं ज्या एका ओळीमुळं हे घडलं, ती ओळ मी लिहिली होती.

मी शिरूरला एका संस्थेत प्रोग्राम लिहिते. खताच्या दुकानावरची खोली, तीन टेबलं, आम्ही दोघी आणि आमचे सर. गावोगावच्या पशुसख्या, म्हणजे जनावरांना लस टोचणाऱ्या, कळपावर नजर ठेवणाऱ्या बाया, त्यांच्यासाठी आमचा प्रोग्राम. कुठल्या कळपाला कुठली लस कधी दिली, ते त्यात लिहायचं. मूळ प्रोग्राम लहान. गाईचं पान वेगळं, शेळीचं वेगळं, मेंढीचं वेगळं. ही पानं नंतर जोडायची, त्यांना आम्ही प्लगिन म्हणतो.

कोड लिहिला म्हणजे प्रोग्राम झाला असं नसतं. सगळे तुकडे गोळा करून, जुळवून, चालवता येईल असा एक गठ्ठा बांधावा लागतो. त्याला बिल्ड म्हणतात. बिल्ड कसं करायचं ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. प्लगिन कुठं शोधायची ते मी त्या फाईलमध्ये लिहिलं: अमुक ड्राइव्ह, युजर्स, शिरूर, अमुक फोल्डर. आमच्या ऑफिसच्या मशीनवर युजरचं नाव 'शिरूर' होतं. म्हणजे मी प्रोग्रामच्या पोटात आमच्या खोलीचा पत्ता कोरून टाकला. घाई होती, माझ्या मशीनवर चालत होतं, पुढं कोण बघतो.

दौंडला गेल्यावर पाहिलं. प्रोग्राम उघडायचा, पण कोरा. गाय नाही, शेळी नाही, मेंढी नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला: प्रत्येक लॅपटॉपवर 'शिरूर' नावाचं अकाउंट करायचं. प्रोग्राम चालला, सगळे खूश, मीही खूश. दौंड तालुक्यातल्या तेरा बाया रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आणि पडद्यावर यायचं 'शिरूर'. भीमेच्या पलीकडच्या गावचं नाव! कुणी विचारलं नाही. मीही नाही. गेटवर उभी राहून दुसऱ्यांच्या ओळखपत्रावरून भांडणारी मी, मलाही ते दिसलं नाही.

चौदावीला दिसलं.

तिच्याकडं मी त्याच आठवड्यात गेले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून हायवेनं यवत ओलांडून कासुर्डी. ती गोठ्यात कोकराच्या तोंडात बाटली धरून बसली होती. वयानं माझ्या आईएवढी. मला बघून उठली नाही.

"शिरूरहून आलात व्हय? मग बसा. लॅपटॉप नेलाय तुमच्या सायबानी, आता काय कोकरू नेताय का?"

मी सांगितलं, ताई, चूक माझी आहे. तिनं मान वर केली.

"तुमची? मग तवा बोलला का न्हाई?"

मी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले होते आणि गप्प होते.

मग तिनं सांगितलं. घर नवऱ्याच्या नावावर. रेशनकार्ड सासऱ्याच्या. गाडी दिराच्या. मोबाईलचं सिमसुद्धा पोराच्या नावावर. लॅपटॉप मिळाला तेव्हा वाटणाऱ्या माणसानं विचारलं, नाव काय टाकू? तिनं स्वतःच टाकलं. एकेक अक्षर शोधून, मराठीत. आधी आपलं, मग जागा सोडून आईचं.

"रोज सकाळी ते उघडायचं आन् माझं नाव यायचं. मेंढरं मोजायच्या आधी मी ते बगायची. हसू नका."

मी हसत नव्हते. मी वाटेत एक युक्ती करून आणली होती, ती पुढं केली. म्हटलं, ताई, तुमचं नाव तसंच राहू दे. मी नुसतं बाजूला 'शिरूर' नावाचं एक खोटं फोल्डर करून देते. प्रोग्राम फसेल. दिसणार पण नाही तुम्हाला. लॅपटॉप परत आणते आणि दोन मिनिटांत करते.

तिनं बाटली खाली ठेवली.

"म्हंजी घर माझं, पाटी माझ्या नावाची, आन् आत एक खोली शिरूरची? कुलूप लावलेली? माझ्या घरात शिरूरची खोली नको. तुमचा प्रोग्राम आंधळा हाय तर त्याला डोळं लावा. मला कशाला घर बदलाया सांगता?"

निघताना तिनं आणखी एक ऐकवलं. आमच्या मेंढीच्या पानावर फक्त कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितलाय. कळपातल्या निम्म्या मेंढ्यांचे बिल्ले काटेरी झुडपांत अडकून पडतात. कानाला कापलेली खूण पडत नाही. कुणाच्या कळपाला डाव्या कानाला खाच, कुणाच्या उजव्या कानाचं टोक उडवलेलं. "ते लिव्हायला तुमच्यात जागाच न्हाई. मी सांगितलं तर म्हणं पुढच्या व्हर्जनला बगू."

रविवारी मी घरी गेले, कवठे येमाईला. आमच्या घरात आता ऊस आणि कांदा, पण आबांपर्यंत, म्हणजे माझ्या आजोबांपर्यंत, मेंढ्याच होत्या. आबा पावसाळा संपला की कळप घेऊन घाटाकडं जायचे, रोज नवा तळ. वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, अजून आमच्या शेडमध्ये खुंटीला आहे. मी सहज विचारलं, आबा, रोज नव्या गावात, नव्या रानात सामान कुठं ठेवायचं ते कसं ठरायचं? आजी अंधारातसुद्धा मिठाची पिशवी काढायची म्हणता.

आबांना प्रश्नच खुळ्यासारखा वाटला.

"गावाचा काय संबंध? वाघूर लावली का दाराकडं तोंड करून उभं ऱ्हायाचं. डाव्या हाताला चूल. उजव्या हाताला कोकरांचं डालगं. डालग्याच्या मागं मीठ. मग ते मुळशी असू दे न्हाईतर तुझं रांजणगाव असू दे. दार ठावं असलं म्हंजी सगळं ठावं."

"आणि कुणी म्हणालं, मीठ कवठ्यातल्या फडताळात आहे, तर?"

"तर त्याला म्हणावं, जा बाबा कवठ्याला आन् घिऊन ये. आमी बसतो आळणी खात."

मी तिथंच शेडमध्ये वाघुरीखाली बसून फाईल उघडली. प्रोग्रामला गावाचं नाव सांगायचं नाही. त्याला सांगायचं, आधी तू स्वतः कुठं उभा आहेस ते बघ, मग तिथून डाव्या हाताला प्लगिनचं फोल्डर. गठ्ठा कुठंही ठेवा, कुठंही उचलून न्या. बिल्ड सिस्टीमला हे येतं, फक्त सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

ऐकायला सोपं वाटलं, पण तीन आठवडे गेले. माझी ओळ काढली तर आणखी चार ठिकाणी तोच पत्ता निघाला. बिल्ड करताना तो आपोआप झिरपला होता. एकेक उपटला. मग गठ्ठा ड्राइव्ह बदलून चालवला, पेन ड्राइव्हवरून चालवला, 'कवठे' नावाच्या फोल्डरमधून चालवला. चालला. मग तिच्या नावाचं फोल्डर केलं, मराठीत, मधे जागा सोडून. मोडला. तिच्या आणि तिच्या आईच्या नावामधल्या त्या मोकळ्या जागेपाशी पत्त्याचे दोन तुकडे होत होते. शिरूरला इंग्रजीत एकच शब्द, आम्हाला ते कधी दिसणारच नव्हतं. तेही दुरुस्त केलं. त्यानंतर तेच नाव माझी परीक्षा. त्या नावाखाली चालला नाही तर बिल्ड नापास.

सरांना दाखवलं.

"मॅडम, एका बाईसाठी सगळं बिल्ड उलटंपालटं केलंत?"

"एका ओळीसाठी एक बाई काढलीत, तेव्हा?"

"तेरा जणींचं चालतंय ना?"

"तेरा जणी गप्प आहेत, सर. चालतंय आणि गप्प आहेत यातला फरक मी गेटवर शिकलेय."

ते म्हणाले, इथं पत्रकबाजी नको. तेव्हा मी पत्रक काढलं.

दिवाळीनंतर दौंडला पुन्हा प्रशिक्षण होतं. एका पानाचं पत्रक, पहिल्या ओळीत तेच, कोणावर आणि कधी. आणि दुसऱ्या ओळीत, चूक माझी. ते तेराही जणींच्या हातात दिलं आणि पेन ड्राइव्ह काढला. म्हटलं, कुणीही सांगा, कुठं ठेवू? एक म्हणाली डेस्कटॉपवर. एक म्हणाली फोटोंच्या फोल्डरात. एक म्हणाली कचऱ्याच्या डब्यात ठिवा, बगू तिथनं बोलतंय का. हसल्या सगळ्या. डबा सोडून सगळीकडं चालला.

मागच्या रांगेतली एक उठली. "म्हंजी आता माझं नाव टाकता येतंय व्हय?"

"टाका."

"आन् सासूचं न्हाई टाकलं तर चालंल ना?"

"अगं, सासूला येगळा लॅपटॉप मागावा लागंल तुझ्या," शेजारची म्हणाली.

त्या दुपारी तेरा बायांनी तेरा नवी अकाउंटं उघडली. अक्षरं शोधायला वेळ लागत होता, कुणाला घाई नव्हती. सर दारात उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, ठीक आहे, नवं बिल्ड घेऊ. मी विचारलं, आणि कासुर्डीचा लॅपटॉप?

"तो विषय वेगळा. त्यांनी शिस्त मोडली. माफीपत्र देऊ द्या, मग बघू."

म्हणजे चूक माझी, तोडगा त्यांचा, आणि माफी तिची! ती लिहिणार नाही. मी तिला लिहा म्हणणारही नाही. मी माझं माफीपत्र दिलंय, तिला उद्देशून, एक प्रत तिला, एक सरांना, पोच घेऊन.

ती थांबलेली नाही. मी नेऊन दिलेला पेन ड्राइव्ह तिनं औषधपेटीच्या किल्लीला अडकवलाय. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर लावते, शाळेतल्यावर लावते, मेंढ्यांना द्यायची आंत्रविषाराची लस कुणाला झाली, कुणाला राहिली, सगळं लिहून काढते. प्लगिनच्या फोल्डरात तिनं मेंढीच्या पानाची नक्कल करून, रकान्यांची नावं बदलून, स्वतःचं एक पान टाकलंय: डावा कान, उजवा कान, खाच, टोक, भोक. आम्हाला विचारलं नाही, पुढच्या व्हर्जनची वाट बघितली नाही. ते पान आता शिरूर तालुक्यातल्या पशुसख्या माझ्याकडून मागून घेतात. मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "त्यास्नी म्हणावं घ्या, पर माझं नाव खाली लिव्हलंय ते पुसू नका."

पण हा पाहुणचार आहे. परक्याच्या मशीनवर, खुर्ची रिकामी असेल तेव्हा. तिचा लॅपटॉप दौंडच्या त्या हॉलच्या लोखंडी कपाटात आहे, वायर तिनं गुंडाळली तशीच. तो उघडला तर अजून तिचंच नाव येईल, कारण पुसायची हिंमत कुणाची झालेली नाही.

तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल तर बिल्डची फाईल आज उघडा, तुमच्या खोलीचा पत्ता शोधा, सापडला तर उपटून टाका. आणि तुम्ही प्रोग्राम लिहीत नसाल, नुसते मागच्या खुर्चीवर बसला असाल जशी मी बसले होते, तर उठा आणि बोला. दौंडला जा. त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडं आहे त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा: लॅपटॉप काढ, कासुर्डीला नेऊन दे, तिच्या नावासकट, माफीपत्राशिवाय.

याच मंगळवारी. सव्वाअकराला.